बारा एबीसी सिलिंडर घेण्याआधी

प्रश्न : शिरवळजवळच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं युनिट आहे. दोन पाळ्यांत मिळून पंचवीस माणसं. सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) ॲल्युमिनियम आणि आता मॅग्नेशियमच्या कास्टिंगचं मशिनिंग, एक छोटी फर्नेस आणि तापलेला जॉब (सुटा भाग) बुडवून गार करायची तेलाची क्वेंचिंग टाकी, एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाचं थिनर वापरणारा पेंट बूथ, पॅनल रूम, त्याच खोलीत एक सर्व्हर, आणि कँटीन. गेल्या महिन्यात लिथियम बॅटरीचा पॅलेट ट्रक घेतला. आग विझवायच्या सिलिंडरांसाठी विक्रेत्याने ‘सहा किलोचे एबीसी, बारा नग, सगळीकडे चालतात’ असं कोटेशन दिलं आहे. तेच घ्यावं का? – एक वाचक, जि. सातारा

उत्तर : नाही, तेच घेऊ नका. एबीसी पावडर, म्हणजे लाकूड-कागद (ए), पेटणारे द्रव (बी) आणि वायू (सी) या तिन्ही आगींसाठीची, चांगली वस्तू आहे आणि तुमच्या बऱ्याचशा जागेत तिचंच काम आहे. पण तुम्ही लिहिलेल्या जागांपैकी दोन ठिकाणी ती धोका वाढवते, दोन ठिकाणी ज्वाळा दाबते पण आग विझवत नाही, आणि एका ठिकाणी आग विझवून यंत्रांचं नुकसान करते. विक्रेत्याला पहिला प्रश्न ‘किती नग’ हा नसतो. त्या कोपऱ्यात नक्की काय पेटेल, आणि विझल्यावर पुन्हा पेटायला उष्णता शिल्लक राहील का, हे दोन प्रश्न आधी येतात. तुमच्या शेडमधून त्याच क्रमाने जाऊ.

सुरुवात मॅग्नेशियमपासून, कारण इथली चूक सगळ्यात महाग पडते. मॅग्नेशियमचा जाड तुकडा सहजी पेटत नाही. बारीक चिप्स आणि घासकामाची भुकटी पेटते. बोथट टूल, फार कमी फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग), टूल नुसतं घासत राहिलं, की ठिणगी तिथेच पडते. एकदा पेटलं की पाणी मारल्यावर हायड्रोजन सुटतो आणि भडका उडतो. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) मारला तर मॅग्नेशियम त्यातला ऑक्सिजन ओढून घेऊन जळत राहतं, मागे काळा कार्बन उरतो. एबीसीतली अमोनियम फॉस्फेटची पावडर या धातूवर टिकत नाहीच, शिवाय तिच्या दाबाने पेटते चिप्स शेडभर उडतात. नायट्रोजनही उपयोगाचा नाही, कारण तापलेलं मॅग्नेशियम नायट्रोजनशीही संयोग पावतं.

इथे ‘डी’ वर्गाचा, म्हणजे धातूच्या आगीचा सिलिंडर लागतो. त्याच्या नळीला लांब दांडी आणि टोकाला रुंद, मऊ फवारा देणारं तोंड असतं, म्हणजे पावडर जोरात न आदळता वरून पसरते. घेताना लेबलवर ‘मॅग्नेशियम’ हा शब्द आहे का ते बघा. ‘डी’ म्हणजे सगळे धातू असं नसतं. आपल्याकडे टीईसी नावाची पावडर मिळते, ती चालते, पण तिच्यात बेरियम क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. बंद शेडमध्ये मी तरी मिठावर म्हणजे सोडियम क्लोराइडवर आधारलेली पावडर मागेन. ती तापल्यावर वितळून चिप्सवर कवच धरते.

वापरायची पद्धतही वेगळी आहे. आधी मशीन आणि कूलंटचा पंप बंद. मग पेटलेल्या ढिगाभोवती पावडरचं कडं घालायचं, आणि कडेकडून आत येत ढीग दोन-तीन सेंटिमीटर जाडीने झाकायचा. कुठे पांढरा प्रकाश फुटला तर तिथे पुन्हा थर. एवढं झालं की हात लावायचा नाही. ढवळलं, फावड्याने उचललं, की कवच फुटतं आणि आतलं लालबुंद मॅग्नेशियम पुन्हा हवेवर येतं. ढीग थंड व्हायला कित्येक तास लागू शकतात, तोवर तिथे माणूस उभा पाहिजे. त्या प्रकाशाकडे उघड्या डोळ्यांनी बघू देऊ नका.

सिलिंडर आणायला धावण्याआधीच हाताशी काही हवं, म्हणून प्रत्येक मॅग्नेशियम मशीनजवळ घट्ट झाकणाच्या डब्यात हीच पावडर आणि लांब दांड्याचं पळीसारखं फावडं ठेवा. चिप्सच्या ट्रेमध्ये मूठभर पेटलं तर ते पुरेसं असतं. काही ठिकाणी बिडाचे चिप्स ठेवतात, तेही चालतात, पण ते पूर्ण कोरडे, बिनतेलाचे आणि बिनगंजाचे असतील तरच. गंज म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, आणि तापलेल्या मॅग्नेशियमशी त्याची फार उग्र प्रक्रिया होते. वाळूच्या लाल बादल्या दारात टांगलेल्या असतात, त्यांच्यावर विसंबू नका: पावसाळ्यात वाळू ओल धरते, आणि ओली वाळू म्हणजे पाणीच. शिवाय मोठ्या ढिगाच्या उष्णतेत मॅग्नेशियम वाळूशीही प्रक्रिया करतं.

‘डी’ची पावडर किती, हे चिप्सच्या साठ्यावर ठरतं, म्हणून साठा कमी करणं हाच स्वस्त मार्ग. दर पाळीला चिप्स बाहेर काढा, लोखंडी पिंपात, शेडपासून दूर, छपराखाली. पाण्यातल्या कूलंटने भिजलेल्या चिप्समधून हायड्रोजन सुटत राहतो, म्हणून पिंपाचं झाकण हवाबंद नको. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि लोखंड एकाच ग्राइंडिंग चाकावर घासणं आजच बंद करा. जाड ॲल्युमिनियम चिप्सचा धोका फार नाही, पण बफिंगची (पॉलिशची) बारीक भुकटी निराळी: ती साठलेल्या जागेवर कुठल्याही सिलिंडरचा जोरदार झोत मारला की भुकटी हवेत उडून ढग होतो, आणि तो ढग स्फोट पावतो.

आता एक गोष्ट जी कोटेशनमध्ये कधीच नसते. मॅग्नेशियमच्या मशीनपाशी एबीसी आणि सीओटू टांगू नका. घाबरलेला माणूस लेबल वाचत नाही, हाताला येईल तो सिलिंडर ओढतो. त्या कोपऱ्यात हाताला फक्त ‘डी’च यायला हवा. वर ठळक मराठी आणि हिंदी पाटी : ‘मॅग्नेशियमवर पाणी, सीओटू, एबीसी मारू नका.’ मशीनच्या इलेक्ट्रिक पॅनलसाठी सीओटू हवाच असेल तर तो दुसऱ्या बाजूच्या भिंतीला.

क्वेंचिंग टाकीत आग लागण्याचं नेहमीचं कारण एकच: जॉब अर्धवट बुडतो. होइस्ट (जॉब उचलणारी यारी) अडकला, लाइट गेली, साखळी निसटली, की लाल जॉब तेलाच्या पृष्ठभागाशी लटकत राहतो आणि तिथलं तेल पेटतं. म्हणून इथे सिलिंडरच्याही आधी दोन गोष्टी लागतात: लाइट गेल्यावर जॉब हाताने पूर्ण खाली सोडता येईल अशी सोय, आणि टाकीवर दुरून ओढता येणारं झाकण. दुसरं कारण तेलातलं पाणी. कूलिंग कॉइल गळली किंवा छपरातून ठिबकलं, तर ते पाणी तळाशी बसतं. गरम जॉब खाली गेला की एक लिटर पाण्याची सुमारे सतराशे लिटर वाफ होते आणि ती पेटतं तेल उकळवून टाकीबाहेर फेकते. दर आठवड्याला तळाचा कॉक उघडून नमुना बघा, आणि तेल तपासणीत पाण्याचं प्रमाण मागून घ्या.

या टाकीवर फोम नको. तेल तापून शंभर अंशांच्या वर गेलं असेल, आणि अडकलेल्या जॉबभोवती ते जातंच, तर फोममधल्या पाण्याची वाफ होऊन टाकी उतू जाते. इथे पावडरच, पण सहा किलोची नाही. लेबलवर ‘बी’च्या, म्हणजे पेटत्या द्रवाच्या वर्गाच्या, आधीचा आकडा सांगतो की चाचणीत किती लिटर द्रव पेटवून विझवला, ५५ बी म्हणजे सुमारे १.७ चौरस मीटरचा तवा. तुमची टाकी १.२ बाय १.२ मीटर असेल तर पृष्ठभाग १.४४ चौरस मीटर. कागदावर ५५ बी पुरेल असं दिसतं, पण चाचणी सरावलेला माणूस करतो आणि त्याच्या तव्यात लाल जॉब उभा नसतो. सहा किलोचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत संपतो. म्हणून दुप्पट तरी क्षमता धरा आणि चाकांवरची २५ किलोची पावडर ट्रॉली घ्या. इथे बायकार्बोनेटची बीसी पावडरही उत्तम, एबीसीच हवी असा आग्रह नाही. झोत तीन-चार मीटरवरून, जवळच्या काठावरून सुरू करून आडवा फिरवायचा. सरळ तेलात मारला तर पेटतं तेल पलीकडे उडतं. पावडरीने तेल थंड होत नाही, त्यामुळे ज्वाळा दबल्या की लगेच झाकण ओढायचं; नाहीतर मिनिटाभरात पुन्हा भडका.

(हीट ट्रीटमेंटला पुढे नायट्रेट मिठाचा बाथ घेणार असाल तर आताच सांगून ठेवतो: तिथे पाणीही नको आणि गुदमरवणारं काहीही निरुपयोगी, कारण मीठ स्वतःच ऑक्सिजन पुरवतं. शिवाय मॅग्नेशियमचा जॉब त्या बाथच्या जवळपासही जाता कामा नये.)

पेंट बूथमध्ये मात्र फोम योग्य आहे, आणि इथे लोक हमखास चुकतात. साधा एएफएफएफ (द्रवावर पातळ पडदा धरणारा) फोम डिझेल, पेट्रोल, टर्पेंटाइनवर चांगला. एनसी थिनरमध्ये ॲसिटोन, अल्कोहोल, ॲसिटेट अशी पाण्यात मिसळणारी द्रावणं असतात. ती फोमच्या थरातलं पाणी शोषतात आणि थर डोळ्यांदेखत विरून जातो. म्हणून ‘अल्कोहोल रेझिस्टंट’ लिहिलेला नऊ लिटरचा फोम मागा, थिनरचं तांत्रिक पत्रक विक्रेत्याला दाखवूनच. बूथची वीज तोडल्याशिवाय फोम मारायचा नाही. सांडलेल्या थिनरवर थेट न मारता मागच्या भिंतीवर किंवा अलीकडच्या जमिनीवर मारून थर सरकू द्यायचा. थिनरने भिजलेल्या चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात, आणि तो डबा रोज संध्याकाळी रिकामा. बूथमध्ये पाळीपुरतंच थिनर ठेवा.

पॅनल रूम. एबीसी इथली आग विझवेल, पण तिची पावडर तापल्यावर वितळून चिकटते आणि पावसाळ्यातली ओल शोषून तांब्याच्या पट्ट्या, काँटॅक्ट आणि सर्किट बोर्ड खात राहते. एक केबल जळाली म्हणून सगळे ड्राइव्ह (मोटरचा वेग ठरवणारी उपकरणं) बदलायची पाळी येते. इथे सीओटू, साडेचार किलोचा. पण तुमच्या छोट्या खोलीत तो माणसाला घातक ठरू शकतो, हे हिशेबानेच बघा. साडेचार किलो सीओटूचा साधारण अडीच घनमीटर वायू होतो. तीन बाय तीन मीटरची, २.७ मीटर उंचीची खोली म्हणजे २४ घनमीटर. पूर्ण सिलिंडर आत रिकामा केला की हवेत दहा टक्क्यांच्या आसपास सीओटू, आणि एवढ्यात माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. म्हणून दारात उभं राहून मारायचं, दार ओढून घ्यायचं, आणि हवा खेळती होईपर्यंत कुणीही आत जायचं नाही. सीओटू जड असल्याने तो खाली, केबलच्या खाचेत साठून राहतो. खाली वाकलेला मेंटेनन्सवाला आधी सापडतो.

झोत मारताना हात हॉर्नच्या (नळीच्या टोकाच्या कर्ण्याच्या) मुठीवर. उघड्या हॉर्नला धरलं तर कातडी गोठते. पल्ला जेमतेम दीड-दोन मीटर. आणि आधी वीज तोडायची. इथे ‘मेन बंद केला’ म्हणजे सगळं बंद असं समजू नका. यूपीएसची बॅटरी पुरवठा चालूच ठेवते, तिचा वेगळा ब्रेकर दाराजवळ आणा. ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये मेन बंद झाल्यावरही काही मिनिटं भार राहतो, किती ते ड्राइव्हच्या झाकणावर छापलेलं असतं. बाहेरचा ११ केव्हीचा ट्रान्सफॉर्मर पेटला तर तुमच्या माणसांनी सिलिंडर घेऊन जायचंच नाही. वीज कंपनी आणि अग्निशमन दल. सर्व्हरच्या रॅकसाठी दोन किलोचा क्लीन एजंट गॅसचा सिलिंडर वेगळा घ्या. त्याची रिफिल महाग आहे, पण मागे काहीही उरत नाही आणि सीओटूच्या गारव्याने तापलेले भाग तडकण्याची भीती नाही. विक्रेत्याकडून त्या गॅसची रिफिल पुढची पाच-सहा वर्षं मिळेल का ते लेखी घ्या, कारण या गटातले काही गॅस पर्यावरणाच्या नियमांमुळे बाजारातून जात आहेत.

कँटीनच्या कढईला ‘एफ’ वर्गाचा वेट केमिकल सिलिंडर. बऱ्याच सिलिंडरांवर अमेरिकी पद्धतीने ‘के’ लिहिलेलं असतं, वस्तू तीच. पोटॅशियमच्या क्षारांचं हे द्रावण गरम तेलावर पडलं की साबणासारखा थर धरतं आणि तेल थंडही करतं. दुसरी कामगिरी महत्त्वाची: वडे तळून जास्त तापलेलं तेल स्वतःहून पेटलेलं असतं, त्यामुळे नुसत्या ज्वाळा दाबल्या तर ते थंड होईपर्यंत परत परत पेटतं. एबीसी आम्लधर्मी असल्याने तिचा साबण होत नाही, सीओटूचा झोत तेल उडवतो, पाण्याबद्दल सांगायलाच नको. गॅस बंद करून एक मीटरवरून हलक्या फवाऱ्याने पूर्ण सिलिंडर रिकामा करा. अर्ध्यावर थांबू नका. नंतर कढई उचलायची नाही. बाहेरच्या एलपीजी बाटल्यांपाशी एबीसी योग्य, पण गळतीची ज्वाळा व्हॉल्व्ह बंद करता येत असेल तरच विझवा. नाहीतर न जळलेला गॅस पसरून मोठा स्फोट होतो.

पॅलेट ट्रक. लिथियम-आयन बॅटरीला ‘डी’ वर्गाचा सिलिंडर लागतो, असं विक्रेते सर्रास सांगतात. ते चूक आहे. ‘डी’ ही लिथियम धातूसारख्या धातूंसाठी. या बॅटरीतली आग सेलच्या आतल्या प्रक्रियेची आणि पेटत्या द्रावणाची असते. एक सेल तापून शेजारच्याला तापवतो, आणि ही साखळी थांबवायला भरपूर गारवा, म्हणजे भरपूर पाणी लागतं. एबीसी आजूबाजूचं पुठ्ठ्याचं सामान विझवेल, बॅटरी नाही. त्यामुळे तुमच्या माणसांचं काम एवढंच: फुगवटा, फुसफुस आवाज किंवा पांढरा धूर दिसला की चार्जरची वीज बाहेरून तोडायची, शेड रिकामी करायची, धुरात जायचं नाही. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. १०१ वर कळवताना ‘लिथियम बॅटरी आहे, आणि शेडमध्ये मॅग्नेशियमही आहे’ हे दोन्ही सांगा, कारण एकाला पाणी हवं आणि दुसऱ्याला ते चालत नाही. याच कारणाने चार्जिंगची जागा मॅग्नेशियमपासून आणि बाहेर जायच्या दारापासून शक्य तितकी लांब ठेवा, उघड्या छपराखाली असेल तर उत्तम. बॅटरी विझली तरी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही, परत पेटू शकते. ती शेडमध्ये आणायची नाही.

मग बारा एबीसींचं काय? माझा हिशेब असा. मशीन शॉपचा बिनमॅग्नेशियमचा भाग, पॅकिंग, स्टोअर, ऑफिस आणि एलपीजीची जागा यांसाठी सहा किलोचे पाच एबीसी. क्वेंचिंगला २५ किलोची एक ट्रॉली. बूथला नऊ लिटरचे दोन अल्कोहोल रेझिस्टंट फोम. पॅनलला साडेचार किलोचे दोन सीओटू, सर्व्हरला एक क्लीन एजंट. कँटीनला एक वेट केमिकल. मॅग्नेशियमला दहा किलोच्या आसपासचे दोन ‘डी’ आणि मशीनगणिक एक डबा. एकदम पैसे नसतील तर ‘डी’ आणि वेट केमिकल आधी घ्या. तिथे आज जे टांगलेलं असेल ते काही नसण्यापेक्षाही वाईट असू शकतं.

खरेदीत आयएसआय खूण बघा, आणि हाताने उचलायच्या बाटलीवर आयएस १५६८३ हा क्रमांक. ‘सी’बद्दल एक सावधगिरी: आपल्या पद्धतीत ‘सी’ म्हणजे वायूची आग, अमेरिकी लेबलवर ‘सी’ म्हणजे विजेची. ऑनलाइन मागवलेल्या सिलिंडरवर ही गफलत होते. एबीसीत मोनोअमोनियम फॉस्फेट (तिचा मुख्य घटक) किती टक्के, हे बिलावर लिहून घ्या. ५० आणि ९० दोन्ही मिळतात, दरात फरक आहे, आणि रिफिलच्या वेळी ९० च्या जागी ५० भरलं गेलं तर बाहेरून कळत नाही.

टांगताना सिलिंडर टाकीच्या किंवा बूथच्या मागे नको, बाहेर जायच्या वाटेवर हवा, आणि कुठूनही पंधरा मीटरच्या आत. माणसाची पाठ नेहमी दाराकडे राहिली पाहिजे. सीओटूला प्रेशर गेज नसतो, म्हणून तो वजनावर तपासायचा: वायूचं वजन दहा टक्क्यांनी घटलं की रिफिल. पावडर आणि फोमच्या बाटल्यांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) तीन वर्षांनी, सीओटूची पाच वर्षांनी; पुढची तारीख बाटलीवर रंगाने लिहून ठेवा. रिफिलला पाठवायचे सिलिंडर भरलेले पाठवू नका. आधी आवारात ट्रे पेटवून दोन्ही पाळ्यांच्या माणसांना ते वापरू द्या. ‘डी’ची लांब दांडी हातात घेऊन नुसत्या कोरड्या चिप्सवर थर पसरवून बघणंही पुरे, पण ते प्रत्येक मॅग्नेशियम ऑपरेटरने करायला हवं.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून ‘बी’ नमुन्यातलं प्रमाणपत्र घेऊन द्यावं लागतं. एजन्सीचा माणूस येईल तेव्हा त्याला नग मोजून जाऊ देऊ नका. मॅग्नेशियमच्या मशीनपाशी, टाकीपाशी, चार्जिंगच्या जागेशी घेऊन जा, आणि प्रत्येक ठिकाणी तिथलं सामान दाखवून ‘इथे हाच सिलिंडर का’ हे विचारा. मॅग्नेशियमचं काम नवीन आहे, तेव्हा मागच्या वेळची यादी तशीच उतरवली जाण्याची शक्यता जास्त आहे. यादीत ‘डी’ नसेल तर सही करू नका.